मदत हवी आहे: एका वाहनाचा भाव दुसऱ्याच ओळीत दिसतो, वजन टाकताना कर्सर निघून जातो (रिअ‍ॅक्ट १९)

द्वारका_सर्कल (प्रश्न)

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन्ही ठिकाणी कांदा घेणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आवक-नोंदीचा स्क्रीन करतोय. रिअ‍ॅक्ट १९ (वेबपानं बनवायची लायब्ररी), वीट (Vite, ते चालवायचं आणि बिल्ड करायचं साधन), साधं जावास्क्रिप्ट. एका वाहनाला एक ओळ: सौदापट्टी क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, ट्रॅक्टर की पिकअप, भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव आणि रक्कम. नवीन वाहन यादीत सगळ्यात वर येतं. दर १० सेकंदांनी सर्व्हरकडून यादी ताजी होते, कारण काट्यावरचा माणूस दुसऱ्या संगणकावरून वजनं भरत असतो. गर्दीच्या दिवशी ९०० ओळी होतात.

अडचणी अशा:

१. वजनाच्या रकान्यात एक आकडा दाबला की कर्सर निघून जातो. प्रत्येक आकड्याला पुन्हा क्लिक करावं लागतं. भावाच्या रकान्यात असं होत नाही.

२. भाव अर्धवट टाकलेला असताना नवीन वाहन वर आलं, की तो भाव त्या नवीन वाहनासमोर दिसतो. हे सगळ्यात घातक आहे, चुकीच्या शेतकऱ्याची पट्टी बनेल.

३. लासलगाववरून पिंपळगाववर गेलो की क्षणभर बरोबर यादी दिसते आणि मग कधी कधी लासलगावचीच परत येते.

४. दुपारनंतर ओळी वाढल्या की सगळंच जड होतं. कार्यालयातला संगणक ४ जीबी रॅमचा आहे.

रचना: आवकतक्ता हा मुख्य कंपोनंट (स्क्रीनचा एक भाग काढणारं फंक्शन), वजनांची स्टेट (कंपोनंटने लक्षात ठेवलेली माहिती) त्यात. वजनखाना हा कंपोनंट आवकतक्त्याच्या फंक्शनच्या आतच लिहिलाय. भावखाना वेगळ्या फाइलमध्ये, त्याची स्वतःची युजस्टेट आहे आणि ऑनब्लरला, म्हणजे रकाना सोडल्यावर, भाव जतन होतो. ओळींना की (key, ओळीची ओळख) म्हणून मॅपमधला इंडेक्स, म्हणजे यादीतला क्रमांक, दिला होता. त्याऐवजी मॅथ डॉट रँडम, म्हणजे दर वेळी नवा कसलाही आकडा, देऊन पाहिलं, तर भाव दुसरीकडे जायचं थांबलं, पण आता अर्धवट टाकलेला भाव पुसलाच जातो.

अंजनेरी

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे, ते समजलं की बाकीचं सोपं होईल. रिअ‍ॅक्ट स्टेट सांभाळतं ते तुमच्या शेतकऱ्याच्या नावावर नाही. ते फक्त तीन गोष्टी पाहतं: झाडातली जागा, कंपोनंटचा प्रकार आणि की. मागच्या रेंडरला (स्क्रीन काढण्याच्या फेरीला) तिथे जे होतं त्याच प्रकाराचं, त्याच कीचं काही आत्ताही असेल, तर जुनी स्टेट त्याला चिकटते. नसेल तर जुनं काढून टाकतं आणि नवं कोरं उभं करतं.

आता वजनखाना पाहा. तो आवकतक्त्याच्या आत लिहिलाय, म्हणजे आवकतक्ता रेंडर झाला की दर वेळी वजनखाना नावाचं नवं फंक्शन जन्माला येतं. नाव तेच, पण रिअ‍ॅक्टच्या दृष्टीने प्रकार वेगळा. तुम्ही ५ दाबला, वजनाची स्टेट बदलली, आवकतक्ता रेंडर झाला, जुना इनपुट डॉममधून (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेतून) गेला आणि त्या जागी नवीन आला. फोकस जुन्या इनपुटवर होता, तो त्याच्याबरोबर गेला. भावखाना बाहेरच्या फाइलमध्ये आहे, म्हणून तो वाचला.

खात्री करून घ्या. वजनखान्यात रिकाम्या डिपेंडन्सीचा एक युजइफेक्ट (कंपोनंट स्क्रीनवर लागल्यावर एकदा चालणारा कोड) टाका, त्यात कन्सोलवर «लागला» छापा आणि क्लीनअपमध्ये (कंपोनंट निघताना चालणाऱ्या भागात) «निघाला». ५८४० टाईप केल्यावर चार वेळा निघाला-लागला दिसलं तर निदान पक्कं. स्ट्रिक्टमोड (चुका पकडायला रिअ‍ॅक्टची कडक तपासणी) चालू असेल तर दर वेळी नवा खाना लागताना एक जादा जोडी दिसेल, ती सोडून मोजा. रिअ‍ॅक्ट १८ पासून डेव्हलपमेंटमध्ये ते मुद्दाम तसं करतात.

उपाय: वजनखाना फाइलच्या सर्वात वरच्या पातळीवर आणा. आतून जे वापरत होतात ते प्रॉप्सने (वरच्या कंपोनंटने दिलेल्या माहितीने) द्या: ओळीचा आयडी, किंमत, बदलल्यावर बोलवायचं फंक्शन. कोणताही कंपोनंट दुसऱ्या कंपोनंटच्या पोटात लिहायचा नाही, दोन ओळींचा असला तरी.

आता की. इंडेक्स दिला तेव्हा सगळ्यात वरच्या ओळीची की ० होती. नवीन वाहन वर आलं, आता त्याची की ०. रिअ‍ॅक्टने पाहिलं, ० कीचा भावखाना आधीही होता, मग त्यातला अर्धवट १८५ तसाच ठेवला. नाव आणि वजन प्रॉप्समधून येतं म्हणून ते बरोबर बदललं, भाव मात्र आतल्या स्टेटमध्ये होता म्हणून जागेवरच राहिला. मॅथ डॉट रँडमने उलट टोक गाठलं: प्रत्येक रेंडरला सगळ्या ९०० ओळींच्या की नव्या, म्हणून सगळ्याच पाडून पुन्हा बांधल्या. दर १० सेकंदांनी भाव पुसला जातो तो यामुळे.

की ही ओळखपत्रासारखी हवी: ओळ जन्मली तेव्हा एकदाच मिळालेली, नंतर कधीच न बदलणारी.

द्वारका_सर्कल

अंजनेरीताई, वजनखाना बाहेर काढला, मॅथ डॉट रँडमही काढलं, कर्सर जागेवर राहतोय. कन्सोलवर अगदी तुम्ही म्हणालात तसंच दिसलं होतं. कीबाबत एक शंका: सौदापट्टी क्रमांक की म्हणून चालेल का? नवीन ओळीला जतन होईपर्यंत क्रमांक नसतो. आणि दोन्ही बाजारांत एकच क्रमांक येऊ शकतो.

अंजनेरी

नुसता क्रमांक नको. जतन झाल्यावर क्रमांक मिळणार आणि त्या क्षणी की बदलणार, म्हणजे ओळ पुन्हा पाडून बांधली जाणार. दिवाणजी पुढच्या रकान्यात टाईप करत असतील तर त्यांचा फोकस नेमका तेव्हा जाईल.

ओळ तयार करतानाच, म्हणजे «नवीन वाहन» बटणाच्या हँडलरमध्ये, क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडी (ब्राउझरचं एकमेव आयडी देणारं फंक्शन) बोलवून आयडी बनवा आणि ओळीच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा. रेंडरमध्ये बनवू नका. तो आयडी सर्व्हरला पाठवा, सर्व्हरनेही तोच साठवून परत द्यावा. दर १० सेकंदांनी येणाऱ्या यादीत तोच आयडी असला पाहिजे, नाहीतर पहिल्याच ताज्या यादीबरोबर सगळ्या ओळी नव्या होतील. सौदापट्टी क्रमांक हा फक्त दाखवायचा रकाना.

एक खाचखळगा: रँडमयूयूआयडी फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर मिळतं. काट्यावरच्या संगणकावरून तुम्ही १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता साध्या एचटीटीपीने उघडत असाल, तर तिथे ते फंक्शन नसतंच आणि बटण दाबल्यावर एरर येईल. तुमच्या संगणकावर चालतं आणि काट्यावर चालत नाही, असं झालं तर पहिल्यांदा हेच बघा. आतल्या नेटवर्कवरही एचटीटीपीएस लावा, किंवा संगणकाचं नाव, वेळ आणि चढता आकडा जोडून आयडी बनवा.

पंचवटीकर

तिसऱ्या अडचणीबद्दल. ही शर्यत आहे. लासलगावची मागणी गेली, उत्तर यायच्या आत तुम्ही पिंपळगाव निवडलं, पिंपळगावचं उत्तर लवकर आलं आणि लासलगावचं रखडलेलं उत्तर नंतर येऊन यादीवर बसलं. लासलगावची यादी मोठी म्हणून ती नेहमी मागून येत असेल.

युजइफेक्टच्या डिपेंडन्सीत बाजार आणि तारीख दोन्ही ठेवा. इफेक्टच्या सुरुवातीला अ‍ॅबॉर्टकंट्रोलर (मागणी रद्द करायचं साधन) बनवा, त्याचा सिग्नल फेचला (सर्व्हरकडे मागणी करणाऱ्या फंक्शनला) द्या, क्लीनअपमध्ये अ‍ॅबॉर्ट बोलवा. रद्द केलेली मागणी कॅचमध्ये अ‍ॅबॉर्टएरर नावाने येते. ती गिळायची, तिच्यावर लाल पट्टी दाखवायची नाही. आणि फेच ४०४ किंवा ५०० आलं तरी स्वतःहून कॅचमध्ये जात नाही, रिस्पॉन्सचं ओके तपासूनच पुढे जा.

दर १० सेकंदांसाठी सेटइंटरव्हल वापरलंय का? असेल तर बदला. नेट मंद असलं की पहिलं उत्तर यायच्या आत दुसरी, तिसरी मागणी जाते आणि रांग लागते. उत्तर आल्यावर, किंवा ते फसल्यावर, पुढच्या १० सेकंदांसाठी सेटटाइमआउट लावा आणि क्लीनअपमध्ये तो टाइमआउटही काढा. नाहीतर जुन्या बाजाराचा टायमर मागे चालूच राहतो आणि त्याला जुनाच बाजार दिसत राहतो, कारण तो त्या वेळच्या फंक्शनमध्ये अडकलेला असतो.

डेव्हलपमेंटमध्ये नेटवर्क टॅबमध्ये पहिल्यांदा दोन मागण्या दिसतील, एक रद्द झालेली. ते स्ट्रिक्टमोडमुळे, बिल्डमध्ये होत नाही. त्यासाठी स्ट्रिक्टमोड काढू नका. क्लीनअप विसरलात हे तोच तुम्हाला दाखवतो.

तारखेचं निघालंच म्हणून: आजची तारीख टूआयएसओस्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं कापून काढत असाल तर पहाटे घोळ होईल. ते फंक्शन यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ देतं, आपण ५ तास ३० मिनिटं पुढे. पहाटे साडेपाचच्या आत कोणी नोंद केली तर ती कालच्या तारखेत पडेल. गेटफुलइयर, गेटमंथ, गेटडेट वापरून तारीख जोडा. गेटमंथ शून्यापासून मोजतं, त्यात १ मिळवा.

द्वारका_सर्कल

तारीख तशीच कापत होतो. पहाटे आलेल्या गाड्या कालच्या यादीत जायच्या, ते आम्ही सर्व्हरवर शोधत होतो. सेटइंटरव्हलही बदलला, आता जुनी यादी परत येत नाही.

जडपणा उरला. सगळ्या ओळींना मेमो (प्रॉप्स तेच असतील तर पुन्हा रेंडर टाळणारं वेष्टन) लावून पाहिलं, फरक पडला नाही.

चांदवड_घाट

मेमो लावायच्या आधी मोजा. पहिली गोष्ट, डेव्हलपमेंटचं रूप मुळात जड असतं. एनपीएम रन बिल्ड आणि मग एनपीएम रन प्रिव्ह्यू करून ४१७३ पोर्टवर पाहा, बरंच ओझं तिथेच कमी झालेलं दिसेल. मग रिअ‍ॅक्टच्या डेव्हलपर टूल्समधला प्रोफायलर डेव्हलपमेंटमध्ये चालवा, सेटिंगमध्ये कंपोनंट का रेंडर झाला हे नोंदवायची खूण करा आणि वजनात एक आकडा टाका. तुमचं चांगलं यंत्र असेल तर क्रोमच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू ४ पट मंद करा, म्हणजे कार्यालयातल्या संगणकाचा अंदाज येईल.

मेमोचा उपयोग का झाला नाही ते प्रोफायलर सांगेल, पण माझ्या अंदाजाने कारणं दोन. मेमो प्रॉप्सची वरवर तुलना करतो: तोच ऑब्जेक्ट, तेच फंक्शन आहे का, एवढंच. तुम्ही मॅपमध्ये प्रत्येक ओळीला जागच्या जागी बाणाचं फंक्शन बनवून देत असाल, तर ते दर वेळी नवं. त्याऐवजी वर एकच फंक्शन युजकॉलबॅकमध्ये (दर रेंडरला तेच फंक्शन परत देणाऱ्या सोयीत) ठेवा, ते आयडी आणि किंमत घेईल, आणि ओळ स्वतःचा आयडी देऊन ते बोलवेल. आत सेटस्टेटला फंक्शन द्या, म्हणजे यादी डिपेंडन्सीत घालावी लागणार नाही. बदललेल्या ओळीचाच नवा ऑब्जेक्ट करा, बाकीच्या ८९९ तशाच परत करा.

दुसरं कारण दर १० सेकंदांचं. सर्व्हरकडून आलेलं जेसन (मजकूर रूपातली यादी) वाचलं की सगळे ऑब्जेक्ट नवे, आतला मजकूर तोच असला तरी. म्हणून सगळ्या ओळी पुन्हा रेंडर. नवी यादी जुन्या यादीत मिसळताना आयडीवरून जुनी ओळ शोधा, दोघांची «शेवटचा बदल» वेळ सारखी असेल तर जुनाच ऑब्जेक्ट ठेवा. काहीच बदललं नसेल तर जुनं अ‍ॅरेच परत द्या.

यादी क्रमाने लावताना सॉर्ट थेट स्टेटवर बोलवू नका. ते त्याच अ‍ॅरेत अदलाबदल करतं. मग तेच अ‍ॅरे सेट केलं तर रिअ‍ॅक्टला बदल दिसत नाही आणि स्क्रीन हलत नाही. आधी स्लाइसने प्रत काढा, मग सॉर्ट. शेतकऱ्यांची नावं लावायला इंटल डॉट कोलेटर मराठीसाठी एकदाच, कंपोनंटच्या बाहेर बनवा. दर तुलनेला लोकेलकंपेअर बोलवणं ९०० नावांत जाणवतं.

रिअ‍ॅक्ट कंपायलरची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, ती लावली तर मेमो आणि युजकॉलबॅक हाताने लिहिण्याचं काम बरंच वाचतं. पण चुकलेली की ती दुरुस्त करत नाही.

आणि तरीही जड वाटलं तर दिसणाऱ्याच ओळी डॉममध्ये ठेवणारी लायब्ररी लावा, टॅनस्टॅक व्हर्च्युअल किंवा रिअ‍ॅक्ट विंडो. ओळ ४८ पिक्सेल आणि चौकट ६०० असेल तर साडेबारा ओळी दिसतात, वर-खाली पाच-पाच जादा धरल्या तरी डॉममध्ये २५ च्या आसपास.

अंजनेरी

या शेवटच्या सल्ल्यावर थांबा. तुमच्या रचनेत तो तसाच लावला तर दुसरी अडचण नव्या रूपात परत येईल. व्हर्च्युअल यादीत ओळ नजरेआड गेली की अनमाउंट होते आणि भावखान्यातला अर्धवट भाव तिच्याबरोबर जातो. शिवाय ब्राउझरचा कंट्रोल-एफ न दिसणाऱ्या ओळींत शोधत नाही, आणि प्रिंट दिली तर दिसतात तेवढ्याच ओळी छापल्या जातात. दिवाणजी संध्याकाळी पूर्ण यादी छापणारच, त्यासाठी वेगळं पान लागेल.

व्हर्च्युअल लावा किंवा नका लावू, भावाचा मसुदा आधी भावखान्यातून वर आणा. आवकतक्त्यात मसुदे नावाचा एक ऑब्जेक्ट: आयडी आणि त्यासमोर टाईप केलेला मजकूर. त्या आयडीचा मसुदा असेल तर रकान्यात तो दाखवा, नसेल तर सर्व्हरचा भाव. सर्व्हरने जतन झाल्याचं कळवलं की मसुदा काढून टाका, त्याआधी नाही. नेट गेलं तर टाईप केलेलं तसंच राहतं आणि रकान्याला पिवळी कड देता येते. ओळीला सगळा मसुदे ऑब्जेक्ट देऊ नका, फक्त तिचा मजकूर द्या, नाहीतर मेमो पुन्हा निकामी.

यातून आणखी एक दोष जातो, जो तुम्हाला अजून दिसला नसेल. युजस्टेटला दिलेली सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या वेळी वापरली जाते. दुसऱ्या संगणकावरून कोणी भाव दुरुस्त केला, तर नवा भाव प्रॉप्समध्ये येतो पण भावखाना जुनाच दाखवत बसतो. तो इफेक्टने स्टेटमध्ये ओतायला गेलात तर टाईप करणाऱ्याच्या हाताखालचा मजकूर बदलेल. मसुदा वेगळा ठेवला की दोन्ही टळतं.

आणि ९०० ओळी एकदम दाखवायच्याच कशाला? दिवाणजींना काम असतं ते भाव बाकी असलेल्या गाड्यांचं. उघडताना तेवढ्याच दाखवा, पूर्ण यादीसाठी वेगळा टॅब. मी व्हर्च्युअलच्या आधी हे करीन.

द्वारका_सर्कल

मसुदे वर आणले, «भाव बाकी» टॅब केला. क्वचितच ६० ओळींच्या वर जातो, व्हर्च्युअल लावलंच नाही. जुन्या संगणकावर टायपिंग अडत नाही.

आता शेवटचं: दिवाणजी मराठी कीबोर्डवर १८५१ असं देवनागरीत टाकतात आणि रक्कम नॅन (NaN, म्हणजे «आकडा नाही») येते. इनपुट टाइप नंबर आहे.

गोदाकाठ

टाइप नंबर काढाच. फोकस असताना माउसचं चाक फिरलं की क्रोममध्ये आकडा एकाने बदलतो. यादी खाली सरकवताना १८५१ चं १८५० होईल आणि कोणाच्या लक्षात येणार नाही. टाइप टेक्स्ट ठेवा, इनपुटमोड डेसिमल द्या, मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येईल.

जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन देवनागरी आकडे वाचत नाही, रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं आकड्यांचं चिन्हही फक्त इंग्रजी आकडे पकडतं. देवनागरी शून्य युनिकोडमध्ये २४०६ वर आहे आणि नऊ २४१५ वर. त्या पट्ट्यातलं अक्षर सापडलं की त्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करा, आकडा मिळाला. स्वल्पविराम आणि मोकळी जागा काढून टाका, मग नंबर.

हे रूपांतर जतन करताना करा, ऑनचेंजमध्ये नको. स्टेटमध्ये मजकूरच राहू द्या. टाईप करता करता आकडा बनवलात तर «१८.» मधला टिंब लगेच गळून पडेल आणि कोणाला दशांश टाकताच येणार नाही.

रकमेसाठी दशांश टाळायचा सोपा मार्ग आहे. वजन किलोत आणि भाव रुपये प्रति क्विंटल असेल, तर दोघांचा गुणाकार थेट पैशांत येतो. भरलेलं ५८४०, रिकामं ३२६०, निव्वळ २५८० किलो. भाव १८५१. गुणाकार ४७,७५,५८० पैसे, म्हणजे ४७,७५५ रुपये ८० पैसे. दोन्ही पूर्णांक असले तर कुठेच दशांशाची चूक होत नाही, १०० ने भागायचं ते फक्त दाखवताना. रक्कम वेगळ्या स्टेटमध्ये ठेवून इफेक्टने बदलू नका, रेंडरमध्येच गुणा.

दाखवायला इंटल डॉट नंबरफॉरमॅट. एमआर-आयएन (मराठी-भारत) दिलं तर आकडे देवनागरीत आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम आपोआप. बँकेकडे जाणाऱ्या कागदासाठी ईएन-आयएन (इंग्रजी-भारत) द्या, स्वल्पविराम तसेच राहून आकडे इंग्रजी येतात.

पंचवटीकर

यात एक भर. शेतकऱ्याचं नाव टाईप करताना एंटरने ओळ जतन होत असेल, तर उच्चाराप्रमाणे मराठी लिहून देणाऱ्या कीबोर्डवर शब्द निवडण्यासाठीही एंटर दाबतात. अर्धं नाव जतन होईल. कीडाउनच्या हँडलरमध्ये नेटिव्हइव्हेंटचं इझकंपोझिंग (शब्द अजून जुळवला जातोय का) तपासा, ते खरं असेल तर काही न करता परत फिरा.

द्वारका_सर्कल

टाकलं. गूगलच्या कीबोर्डवर «निवृत्ती» लिहून पाहिलं, पहिल्या एंटरला शब्द बसला, दुसऱ्याला ओळ जतन झाली. सगळ्यांचे आभार, धागा सुटला म्हणून खूण करतो.